मामांच्या मशीनवर फ्रीबीएसडी: मे २०२४ च्या नोंदी

४ मे २०२४, शनिवार

यंदा शुक्राचा अस्त झालाय, पाठोपाठ गुरूचाही आहे. लग्नाचे मुहूर्त मोजकेच. निवडणुकीची पत्रकं १९ एप्रिलला मतदान झालं तशी संपली. एरवी मे महिन्यात नागपुरात मामांच्या इतवारीतल्या डीटीपीच्या दुकानात लग्नपत्रिकांच्या प्रुफांमुळे पाय ठेवायला जागा नसते. या वर्षी मामा स्वतःहून म्हणाले, "मशीन रिकामी पडून राहिली बाप्पा, तुले काय करायचं ते करून घे. पण माह्या विंडोजले धक्का लागला तर पाहा."

तर ही अट. मशीनवर ३२ बिटची विंडोज ७ आहे, तिच्यात जुन्या मराठी फॉन्टचं डोंगलवर (मशीनला खोचलेल्या किल्लीवर) चालणारं सॉफ्टवेअर, आणि मामांची सगळी कामं त्याच फॉन्टात. युनिकोडमध्ये आणायला गेलं की जोडाक्षरांचं भजं होतं. म्हणजे विंडोज राहणारच. मला उरलेल्या जागेत फ्रीबीएसडी १४.० बसवायची आहे, विंडोजसारखीच पण वेगळ्या कुळातली ऑपरेटिंग सिस्टम. दुकान बंद करताना मशीन तिच्यात सुरू करायची आणि रात्रभरात कामांच्या फायलींच्या जादा प्रती (बॅकअप) निघाव्यात. शिवाय मला ती शिकायचीच आहे, हे मामांना सांगितलेलं नाही.

कोअर टू ड्युओ, ४ जीबी रॅम, साधा बायॉस (मशीन चालू होताच बोर्डावरून आधी उठणारा प्रोग्राम). डिस्क दोन: ५०० जीबीची, तिच्यावर विंडोज, आणि १६० जीबीची म्हातारी, तिच्यावर २०१५ पर्यंतची कामं.

५०० वालीवर विंडोजने बांधलेलं पहिलं १०० एमबीचं पार्टिशन, मग सी १२० जीबी, मग डी ३४५. डी आक्रसायला घेतलं तर विंडोज आधी ६० जीबीच सोडायला तयार. डीवरची पेजफाइल (रॅम कमी पडली की विंडोज वापरते ती) बंद केली, रीस्टार्ट केलं, तेव्हा १४५ जीबी मोकळी झाली.

डिस्कवरच्या पार्टिशनांचा तक्ता जुन्या एमबीआर पद्धतीचा आहे. पहिल्या ५१२ बाइटच्या सेक्टरात ४४६ बाइट बूटचा कोड, मग ६४ बाइटचा तक्ता, १६ बाइटची एक याप्रमाणे चार ओळी, शेवटी दोन बाइटची खूण. १९८३ सालच्या पीसी डॉस २.० पासून चालत आलेला हा चारचा हिशोब. नवी जीपीटी पद्धत असती तर १२८ ओळी मिळाल्या असत्या, पण ३२ बिटची विंडोज ७ जीपीटीवरून सुरूच होत नाही. तीन ओळी विंडोजने घेतल्या, चौथी आपली.

इथे एक खबरदारी लिहून ठेवतो. चारही ओळी भरल्यावर विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये कुणी पाचवं काही बनवायला गेलं, तर ती 'डिस्क डायनॅमिक करू का' असं अगदी साळसूदपणे विचारते. हो म्हटलं की तक्त्यातल्या ओळींचा प्रकार बदलतो, आणि बाकीच्या सिस्टमना ती डिस्क कळेनाशी होते. दुकानातल्या पोराला बजावून ठेवलं: ई ड्राइव्ह बनवायचा नाही, विचारलं तर नाही म्हणायचं.

सीची पूर्ण प्रतिमा आणि डीच्या फायली बाहेरच्या डिस्कवर घेतल्या, पहिला सेक्टर वेगळा पेनड्राइव्हवर. तीन तास गेले. १६० वालीची केबल काढून ठेवली, चुकून तिच्यावर काही लिहिलं जायला नको म्हणून. (नंतरची भर: या शहाणपणाची किंमत पुढे दोन दिवस मोजली.)

५ मे, रविवार

सकाळीच स्वतःच्या पायावर धोंडा. बायॉसमध्ये साटा (डिस्कची जोडणी) 'आयडीई' या जुन्या मोडवर होतं. वेग थोडा वाढेल म्हणून 'एएचसीआय' केलं. विंडोज निळी पडली, खाली एररच्या आकड्यात शेवटी ७बी. नेमके तेव्हाच मामा चहा घेऊन आले.

"काऊन रे, निळं काऊन झालं?"

"काही नाही मामा, सेटिंग आहे."

"सेटिंग आहे तं जशी होती तशी कर."

केली. विंडोज ७ ज्या मोडमध्ये बसवली असेल त्याचाच ड्रायव्हर सुरुवातीला उठवते. रजिस्ट्रीतला एक आकडा बदलून ते सुटतं, पण अट आठवली. आयडीई तर आयडीई.

बसवण्याचं काम मात्र सरळ झालं. 'ऑटो' टाळून 'मॅन्युअल' घेतलं. फ्रीबीएसडीच्या बोलीत तक्त्यातल्या एका ओळीला 'स्लाइस' म्हणतात, आणि स्लाइसच्या पोटात जे कप्पे पडतात त्यांना 'पार्टिशन'. ए म्हणजे मूळ फाइल सिस्टम, बी म्हणजे स्वॅप (रॅम अपुरी पडली की वापरायची जागा), सी म्हणजे अख्खी स्लाइस, तिला हात लावायचा नाही. विंडोजवाला ज्याला पार्टिशन म्हणतो ती इथे स्लाइस, आणि इथलं पार्टिशन विंडोजला दिसतच नाही. एकाच जागेची दोन नावं इथूनच सुरू झाली. यूएफएस आणि झेडएफएस या दोन फाइल सिस्टमपैकी झेडएफएसचा मोह आवरला. ४ जीबी रॅममध्ये यूएफएस बरी. ४ जीबी स्वॅप, बाकी सगळं ए.

मूळ फाइल सिस्टमचा पत्ता पडला 'एडीए०एस४ए': शून्य नंबरची डिस्क, चौथी स्लाइस, ए कप्पा. डिस्क शून्यापासून मोजायची, स्लाइस एकपासून. झीरो माईलच्या गावात राहून शून्यापासून मोजण्याची तक्रार करता येत नाही म्हणा.

रीस्टार्ट केलं तर सरळ विंडोज. मेनू नाही, काही नाही. पहिल्या सेक्टरातला कोड विंडोजचाच असणार. सोमवारी जुनं काम लागणार होतं, म्हणून १६० वाली परत जोडून निघालो.

११ मे, शनिवार

फ्रीबीएसडीचा छोटा बूट मॅनेजर आहे, बूट-झीरो. पहिल्या सेक्टरात मावतो आणि एफ१ ते एफ४ असा मेनू देतो. पेनड्राइव्हवरून मशीन सुरू केली, बूट-झीरो 'एडीए०' वर लिहिला, रीस्टार्ट. सरळ विंडोज.

परत लिहिला. परत विंडोज. बायॉसमध्ये बूट सेक्टरवर लिहायला मनाई करणारी सेटिंग असते, ती शोधली, बंदच होती. पेनड्राइव्ह बदलली. तिसऱ्यांदा लिहिला. दोन तास असेच गेले. कूलरसमोर बसून घाम.

मग जे पहिल्या मिनिटाला करायचं ते केलं: डिस्कचा तक्ता छापून पाहिला. 'जीपार्ट शो' म्हटलं की प्रत्येक डिस्कचं नाव, आकार आणि आतल्या स्लाइस ओळीने येतात. वर लिहिलेलं: एडीए०, १४९ जी, आत एकच एनटीएफएस (विंडोजची फाइल सिस्टम). खाली: एडीए१, ४६६ जी, आत चार.

१४९ जी. म्हणजे १६० जीबी. म्हणजे म्हातारी.

बूट मॅनेजर मी तीनदा मामांच्या २०१५ पर्यंतच्या कामांच्या डिस्कवर लिहिला होता. पोटात खड्डा पडला. मामा समोरच एका गिऱ्हाइकाशी लेटरहेडच्या कागदावरून घासाघीस करत होते, त्यांच्याकडे पाहवेना.

मग डोकं ठिकाणावर आलं. तक्ता दिसतोय म्हणजे शाबूत आहे. बूट-झीरो फक्त कोडाचा भाग बदलतो, खालच्या चार ओळी तशाच ठेवतो. नुसता वाचण्यापुरता तो एनटीएफएस जोडून फोल्डर उघडला. '२०११' मध्ये ताईच्या लग्नपत्रिकेची फाइल होती, तिची तारीख, आकार सगळं जागच्या जागी. आणखी वीसेक फायली उघडून पाहिल्या, तेव्हा कुठे पाणी प्यायलो.

या वेळी नाव दोनदा वाचून 'एडीए१' वर लिहिला. रीस्टार्ट. काळ्या पडद्यावर चार ओळी:

एफ१ विन
एफ२ विन
एफ३ विन
एफ४ फ्रीबीएसडी

विंडोज सीवर आहे, सी दुसरी, म्हणून एफ२ दाबलं. 'बूटएमजीआर इज मिसिंग'. मामांनी नेमकं हेच वाचलं. त्यांना समजावलं की विंडोज राहते सीमध्ये, पण दाराची किल्ली पहिल्या १०० एमबीच्या खोलीत असते. एफ१ दाबलं आणि विंडोज आली. मामा म्हणाले, "मंग खोलीले खोली म्हण ना, विन काऊन लिहिलं?" रास्त प्रश्न. बूट-झीरोला तक्त्यातला प्रकाराचा एक बाइट दिसतो, तिन्ही ओळींत तो सारखाच.

एफ४ दाबायच्या आत मामांनी शटर अर्धं ओढलं होतं.

१२ मे, रविवार

सकाळी तर्री-पोहे हाणून नऊलाच दुकानात. किल्ली मामांनी कालच देऊन ठेवली होती.

एफ४. लोडर आला, कर्नल (सिस्टमचा गाभा) चढला, पांढऱ्या ओळी भराभर वर गेल्या. आणि मग:

'एडीए०एस४ए' साठी थांबलोय, असा एक संदेश. तीन सेकंद. मग 'यूएफएस, एडीए०एस४ए जोडता आली नाही, एरर १९'. खाली 'माउंटरूट' असा शब्द, बाणाची खूण आणि लुकलुकणारा कर्सर.

एरर १९ म्हणजे असं उपकरण नाही. पहिला विचार: फाइल सिस्टम बिघडली, परत बसवा. पेनड्राइव्ह हातात घेतलीसुद्धा होती. हीच सवय वाईट. विंडोज वापरून वापरून 'फॉरमॅट मार' हे औषध आपल्या रक्तात गेलंय.

पण कर्नल तर त्याच फाइल सिस्टममधून वाचून चढला होता. ती बिघडलेली असती तर इथवर आलोच नसतो. म्हणजे घर जागेवर आहे, पत्ता चुकतोय.

माउंटरूटसमोर नुसतं प्रश्नचिन्ह टाकून एंटर मारलं की कर्नलला दिसणाऱ्या सगळ्या डिस्क आणि स्लाइसची यादी येते. यादीत एडीए० ला एकच स्लाइस. चार स्लाइस एडीए१ ला. कालचंच. काल दोन तास ज्या खड्ड्यात होतो, आज त्याच खड्ड्यात दुसऱ्या बाजूने उतरलो होतो. पुढच्यास ठेच, मागचा शहाणा म्हणतात. इथे पुढचा मी आणि मागचाही मीच, तरी ठेच लागली.

झालं असं. ५ तारखेला बसवताना म्हातारीची केबल काढलेली होती. मशीनमध्ये एकच डिस्क, तिचं नाव एडीए०. इन्स्टॉलरने इटीसी या सेटिंगच्या फोल्डरातल्या एफएसटॅब (कुठली जागा कुठे जोडायची त्याची यादी) या फाइलीत तोच पत्ता लिहिला. मग मी म्हातारी परत जोडली. तिची केबल बोर्डावरच्या पहिल्या खाचेत जाते, म्हणून कर्नलला ती आधी सापडते आणि शून्य नंबर तिला मिळतो. आमची झाली एक नंबर. पण बायॉसचं मोजणं वेगळं: ज्या डिस्कवरून सुरू करायचं ठरलंय ती त्याच्या लेखी पहिली. बूट-झीरो आणि लोडर बायॉसच्या डोळ्यांनी पाहतात, म्हणून त्यांना आमची डिस्क बरोबर सापडली. कर्नल जागा झाला की बायॉसला बाजूला सारून स्वतः मोजतो, आणि तिथे नंबर फिरला.

मामांच्या दुकानाचा पत्ता सांगताना पूर्वी 'पानठेल्यानंतर दुसरं शटर' असं सांगायचे. पानठेला हलला, गिऱ्हाइकं हरवली. शेवटी मामांनी पाटी लावली. डिस्कचं तेच आहे. एडीए० हे नाव नाही, तो रांगेतला क्रमांक आहे.

माउंटरूटसमोर हाताने 'यूएफएस, मग एडीए१एस४ए' असा पत्ता टाकला. पुढे सरकली, पण लगेच अडली: एफएसटॅब वाचून ती तपासायला निघाली होती ती एडीए०एस४ए. 'बूट थांबवतोय' म्हणून सिंगल-यूजरचा शेल (दुरुस्तीपुरता, आज्ञा टाइप करायचा पडदा) हातात दिला. एफएसटॅबमध्ये शून्याचा एक करायला गेलो तर सेव्ह होईना. बरोबर आहे, त्या अवस्थेत मूळ फाइल सिस्टम फक्त वाचण्यापुरती जोडलेली असते. लिहिण्याची परवानगी देऊन पुन्हा जोडली, दोन ओळींत दोन आकडे बदलले, रीस्टार्ट. लॉगिन आलं.

इथेच थांबलो असतो तर जेवायला वेळेवर घरी पोचलो असतो. पण म्हातारी उद्या-परवा मरणार आहे. ती काढली की आमची पुन्हा शून्य, आणि पुन्हा माउंटरूट, आणि त्या वेळी मशीनसमोर मामा असतील, मी नाही. पाटी लावणं भाग होतं.

परत सिंगल-यूजरमध्ये गेलो. मूळ फाइल सिस्टम वाचण्यापुरतीच जोडलेली असताना 'ट्यूनएफएस' ने तिच्यावर लेबल लिहिता येतं; पूर्ण चालू असताना लिहू देत नाही. लेबल दिलं 'मूळ', अर्थात रोमन अक्षरांत. स्वॅपला 'जीलेबल' ने वेगळं नाव दिलं. ते स्वॅपच्या अगदी शेवटच्या सेक्टरात जाऊन बसतं. मग एफएसटॅबमध्ये एडीएचा उल्लेखच काढून टाकला. मूळचा पत्ता आता डेव्ह या उपकरणांच्या फोल्डरातल्या यूएफएस फोल्डरातला 'मूळ', स्वॅपचा लेबल फोल्डरातला. डिस्क कुठल्याही खाचेत असो, कर्नल आधी सगळ्या डिस्क चाळतो, लेबलं वाचतो आणि त्या नावाने फाइल मांडून ठेवतो.

म्हातारीची केबल काढून सुरू केलं: लॉगिन. जोडून सुरू केलं: लॉगिन. संध्याकाळचे पावणेसात. जेवण राहिलंच.

१५ मे, बुधवार

ऑफिसात असताना मामांचा फोन. "भाचा, अकरा वाजता दुकान उघडलं आन् तुह्या मशीनमधे पहाटेचे साडेपाच काऊन वाजून राहिले?"

काल संध्याकाळी जाऊन नेट जोडलं होतं, घड्याळ नेटवरून लावणारी सेवा सुरू केली होती आणि मशीन पहिल्यांदा रात्रभर फ्रीबीएसडीत ठेवली होती. बोर्डावरचं घड्याळ युटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) चालतं असं फ्रीबीएसडी गृहीत धरते. विंडोज त्यालाच स्थानिक वेळ समजते. बंद होताना फ्रीबीएसडीने युटीसी लिहून ठेवली, विंडोजने ती नागपूरची समजून वाचली. साडेपाच तासांचा फरक, आणि अकराला साडेपाच.

उपाय एका रिकाम्या फाइलीचा: इटीसीमध्ये 'वॉल सीमॉस क्लॉक' नावाची फाइल नुसती असली की बोर्डावरचं घड्याळ स्थानिक वेळेवर आहे असं फ्रीबीएसडी मानते. संध्याकाळी जाऊन केली. तोवर पहाटे ५:३४ चं एक बिल छापून गेलं होतं.

१८ मे, शनिवार

बूट-झीरो शेवटचं दाबलेलं बटण लक्षात ठेवतो आणि दहाएक सेकंद वाट पाहून तेच उघडतो. रात्री एफ४ दाबलं की सकाळी कुणी काही न दाबता फ्रीबीएसडीच येते, आणि पोरगा काळ्या पडद्यासमोर मामांची वाट पाहत बसतो. लक्षात ठेवणं बंद केलं, कायमचं एफ१. रात्री एफ४ दाबायचं मामांकडे.

२६ मे, रविवार

कालपासून नवतपा, कडक उन्हाचे नऊ दिवस. दुपारी बाहेर पडलोच नाही, सगळं काम संध्याकाळी.

डीवरच्या चालू वर्षाच्या कामांची प्रत आता रात्री आपोआप निघते. एनटीएफएस मुद्दाम फक्त वाचण्यापुरती जोडतो. पोरगा कधी शटडाऊनऐवजी हायबरनेट करून ठेवतो. अर्धवट झोपलेल्या विंडोजच्या डिस्कवर दुसऱ्याने लिहिलं की ती उठल्यावर गोंधळ घालते.

३१ मे, शुक्रवार

काल नागपुरात ५६ अंश! रामदासपेठेच्या स्वयंचलित केंद्रावर तसा आकडा आला, सोनेगावला ५४. त्याच दिवशी खापरी आणि रामटेकला ४४. दिवसभर फोनवर तेच. हवामान खात्याचं म्हणणं, सेन्सरमध्येच दोष.

रात्री म्हातारीवरची ९६ जीबी इकडे आणायला घेतली तर मध्येच एरर, पुन्हा प्रयत्न, पुन्हा एरर. मामांचं निदान तयार: "गर्मीनं गेली ते." मलाही तसंच वाटलं. डिस्कचे स्वतःचे नोंदीचे आकडे काढले. तापमान ५१, जास्तच. पण ५ नंबरचा, म्हणजे बदललेल्या सेक्टरांचा आकडा शून्य, आणि १९७, वाचता न आलेल्यांचा, तोही शून्य. वाढत होता फक्त १९९: डिस्क आणि बोर्ड यांच्या मधल्या वाटेवर बिघडलेला मजकूर. म्हणजे केबल. महिनाभर काढ-घाल मीच केली होती, आणि टोकाशी ती चांगलीच मुरगळलेली निघाली.

१ जून, शनिवार

सीताबर्डीतून नवी केबल आणली. १९९ जिथे होता तिथेच थांबला. (तो कमी होत नाही, फक्त वाढायचा थांबतो.)

केबल बदलतोच आहे तर दोन्ही डिस्कच्या खाचा मुद्दाम उलटसुलट केल्या. आमची एडीए० झाली, म्हातारी एडीए१. फ्रीबीएसडीने हूं की चूं केलं नाही. मामांना दोन्ही डिस्कवर डकवायला 'जुनी' आणि 'नवी' अशा चिठ्ठ्या छापून मागितल्या. त्यांनी बॉर्डर घालून दिल्या.

साडेआठला कॉपी सुरू केली. हजारो बारीक फायली आहेत, रात्रभर चालेल. निघताना पाहिलं, २०११ चं फोल्डर इकडे आलं होतं. मामा म्हणाले, सकाळी पोरगा येऊन बटण दाबंल, कागद लावून ठेवतो. विंडोज बंद असताना कागद कसा छापणार विचारलं, तर म्हणाले, दुपारीच छापून ठेवला. मॉनिटरवर चिकटवला, पत्रिकेच्या फॉन्टात, वर गणपतीसकट:

॥ श्री गजानन प्रसन्न ॥
मशीन बंद करू नये, ही नम्र विनंती.